झोंबायलंय म्हणजे लागू पडायलंय? काळे डाग आणि घरचे उपाय

निपाणीजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय. वय 26, रंग सावळा, दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर पिंपल्स बसल्यावर राहिलेले काळे डाग. महिनाभर रोज रात्री लिंबू, हळद आणि मध लावला, आठवड्यातून दोनदा खायच्या सोड्याने चेहरा चोळला. पहिले आठ दिवस उजळल्यासारखं वाटलं, आता डाग आधीपेक्षा गडद दिसतात. शाळेत शिकवतात, रोज स्कूटीवरून चिकोडीला येणं-जाणं. लग्नाला चार महिने आहेत. "केमिकल काही नको, नैसर्गिक काय लावू तेवढं सांगा."

ताई, लिंबू आणि सोडा आजच बंद करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

बेळगावात त्वचारोगाची प्रॅक्टिस करून मला वीस वर्षं होऊन गेली. पेशंट मराठी असो की कानडी, खानापूरचा असो की अथणीचा, एक वाक्य दर आठवड्याला कानावर येतंच: "डॉक्टर, झोंबायलंय म्हणजे लागू पडायलंय न्हवं?" जखमेवर आयोडिन लावलं की आई म्हणायची, झोंबतंय म्हणजे औषध काम करतंय. ते डोक्यात इतकं पक्कं बसलंय की चेहऱ्याची आग झाली तरी बायका दात-ओठ खाऊन वीस मिनिटं थांबतात. आपल्या कातडीचा हिशेब नेमका उलटा आहे. जे झोंबतं तेच काळं करतं.

असं का होतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी काहीही सुचवलं तरी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. गोऱ्या माणसाच्या आणि आपल्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी साधारण सारख्याच असतात. फरक त्या बनवतात त्या रंगाच्या पुड्यांत आहे. आपल्या पुड्या मोठ्या, जास्त भरलेल्या, आणि त्या वरच्या थरात सगळीकडे पसरतात. हाच रंग, म्हणजे मेलॅनिन, उन्हापासून आपल्याला वाचवतो. पण या पेशींचा स्वभाव चुलीवरच्या दुधासारखा: जरा जाळ वाढला की उतू जातात. पिंपलची सूज, डास चावणं, नखाने खरवडणं, भाजणं, चुकीचं क्रीम, काहीही झालं तरी पेशीला एकच गोष्ट कळते, आग लागली, रंग ओता. पिंपल आठ दिवसांत बसतो आणि ओतलेला रंग महिनोन् महिने तिथेच राहतो.

तो रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी किंवा चहासारखा दिसतो. असा डाग, नवी आग लागली नाही तर, सहा महिने ते वर्षभरात बराचसा आपोआप जातो. रंग खालच्या थरात झिरपला असेल तर डाग शाळेतल्या जुन्या दगडी पाटीसारखा राखाडी-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं राहतो. त्यावर वरून लावलेलं काहीच धड पोहोचत नाही. सकाळी खिडकीपाशी, बल्ब बंद करून, आरशात बघा. तुमचे डाग तपकिरी असतील अशी माझी अटकळ आहे, पण महिनाभराच्या लिंबाने एखाद-दुसरा खाली ढकलला गेला असेल तर नवल नाही.

लिंबाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या चेहऱ्यांत त्याचा वाटा मोठा आहे. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास, आपल्या कातडीचा 5 च्या आसपास. हा आकडा एकेक पायरी उतरला की आंबटपणा दहापट वाढतो, म्हणजे रस कातडीपेक्षा जवळपास हजारपट आंबट. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात सोरालेन जातीची द्रव्यं असतात, ती ऊन लागलं की कातडी भाजतात. खानापूरकडची एक मुलगी आली होती. सकाळी लिंबू चोळलं, चेहरा वरवर धुतला आणि भाताच्या लावणीला गेली. ढगाळ दिवस होता. तिसऱ्या दिवशी डाव्या गालावरून जबड्याखाली गळ्यापर्यंत एक तपकिरी ओघळ उमटला, शाई सांडावी तसा, टोकाला थेंबाचा गोल आकारसुद्धा. उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यातही तसेच पट्टे, कारण लिंबाची फोड पिळली होती त्याच हाताने. घरच्यांना वाटलं कुणीतरी करणी केली. मी तिला फक्त विचारलं, लिंबू कधी लावलंस? ती माझ्याकडे बघतच राहिली.

सोड्याची चूक दुसऱ्या टोकाची. तो अल्कलीधर्मी, पीएच 8 च्या वर. कातडीवरचं तेल आणि आंबटपणाचा पातळ पदर तो धुऊन नेतो, आणि वर तुम्ही तो चोळलात. पहिल्या आठवड्यात उजळल्यासारखं वाटलं ते मेलेल्या पेशींचा वरचा थर खरवडून निघाला म्हणून. त्याचं बिल आता आलंय.

"नैसर्गिक" या शब्दावर माझा राग नाही, पण तो शब्द काही ठरवत नाही. बिब्बा झाडालाच लागतो. आमच्याकडे अजून टाचांच्या भेगांना, सांधेदुखीला बिब्बा लावून फोड आणि काळे चट्टे घेऊन लोक येतात. काजूच्या टरफलातलं तेलही निसर्गातलंच. चंदगड-खानापूर पट्ट्यात काजू सोलणाऱ्या बायकांची बोटं बघा, सालं निघालेली, काळी पडलेली. आंब्याचा चीक त्याच कुळातला, मे महिन्यात पोरांच्या ओठांभोवती काळे डाग दिसतात ते त्याचे. उलट ज्याला तुम्ही केमिकल म्हणता त्यातली काही औषधं निसर्गातही सापडतात. अझेलाइक ॲसिड गहू आणि बार्लीत असतं. कोजिक ॲसिड जपानी लोक तांदूळ आंबवायला वापरतात त्या बुरशीपासून मिळालं. ट्यूबमधलं कारखान्यातून येतं, पण त्याचं प्रमाण ठरलेलं असतं. झाडाच्या पानावर टक्केवारी छापलेली नसते, खरी अडचण ती.

मग घरातल्या गोष्टींचं काय? बटाटा, टोमॅटो, काकडी: गार वाटतं, त्यापलीकडे फार काही नाही. कच्च्या पपईचा चीक चेहऱ्याला लावू नका. डाळीचं पीठ साबणाऐवजी चालेल, पण पातळ कालवून, बोटांनी हलकेच फिरवून धुवायचं. वाळवून खरवडायचं नाही. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा पुरे, आणि तडे जायच्या आत धुऊन टाका. दह्यात थोडं लॅक्टिक ॲसिड असतं, ज्यांना सोसतं त्यांनी दहा मिनिटं लावावं, चमत्काराची आशा धरू नये.

कोरफड मी स्वतः सांगते, पण डाग घालवायला म्हणून नव्हे, आग शमवायला. पान कापल्यावर लगेच पिवळा चीक गळतो, त्यानेच कितीतरी जणींना खाज सुटते. पान पंधरा मिनिटं उभं ठेवून चीक गळू द्या, धुवा, मग आतला पारदर्शक गर घ्या. फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

ज्येष्ठमधाची गोष्ट मजेशीर आहे. त्यातलं ग्लॅब्रिडिन हे द्रव्य रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमला अडवतं, हे प्रयोगशाळेत चांगलं दिसून आलंय. पण ते पाण्यात विरघळत नाही. पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून पूड आणून दुधात कालवली तर ते कातडीत फारसं उतरत नाही. अर्क घातलेलं क्रीम घेतलंत तर काही उपयोग. मंजिष्ठा, लोध्र, चंदन हे आपल्या वैद्यांचे जुने लेप. चांगल्या वैद्याच्या देखरेखीखाली सौम्य लेप घ्यायला माझी हरकत नसते. ज्याला आपण वांग म्हणतो त्याला आयुर्वेदात व्यंग म्हणतात, आणि माझे कानडी पेशंट बंगू म्हणतात. म्हणजे हे दुखणं इथे फार जुनं आहे, आणि त्यावर धीर धरायची पद्धतही जुनीच. फक्त घरी कुटलेल्या पुडीत खडे राहतात, त्या घासू नका.

हळद. सांगली इथून जवळ, चांगली हळद मिळते, आणि हळदीत सूज कमी करणारा कर्क्युमिन असतो हे खरं. पण कच्च्या हळदीचा लेप डाग घालवतो असं मी वीस वर्षांत ठामपणे पाहिलेलं नाही, हळदीची ॲलर्जी मात्र पाहिली आहे. सुट्या हळदीत रंगाची भेसळ असते ती वेगळीच. लिंबाबरोबर लावलेली हळद बंद करा. लग्नातल्या हळदीबद्दल शेवटी सांगते.

आता मुख्य औषध. कपाळावर आठ्या आणू नका: ऊन टाळणं. तुम्ही स्कूटीवरून जाता, आणि डाग गडद होण्यात मला लिंबाच्या खालोखाल तेच दिसतं. ढग असले तरी अल्ट्राव्हायोलेटमधला ए किरण खाली येतो, त्यामुळे बेळगावच्या लांबलचक पावसाळ्यात सुट्टी नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्यासारख्या कातडीला नुसता डोळ्यांना दिसणारा उजेडही काळं करतो, गोऱ्या कातडीला तो तितका करत नाही. साधी पांढरी सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. त्यासाठी रंगीत सनस्क्रीन लागते, जिच्यात आयर्न ऑक्साइड असतं. आयर्न ऑक्साइड म्हणजे कोण? तुळशी वृंदावन सारवायला आपण आणतो ती गेरू, तिच्या लाल रंगाच्या मुळाशी हेच. (गेरू उगाळून तोंडाला लावू नका, एका आजींनी नातीसाठी तसं केलं होतं.) एसपीएफ 30 किंवा जास्त, कातडीच्या रंगाला जुळेल अशी. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर पट्टी काढा, तेवढी चेहरा आणि मानेला लागते. बहुतेक जणी चण्याएवढी लावतात आणि म्हणतात उपयोग नाही. शाळेला निघताना एकदा, दुपारी परत निघायच्या आधी एकदा. हेल्मेटची काच खाली, तोंडावर घट्ट विणीचा गडद सुती स्कार्फ. ऊसतोडीच्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला टॉवेल गुंडाळतात, त्यांचं शहाणपण आपल्या स्कूटीवाल्यांत आलं तर माझी निम्मी ओपीडी रिकामी होईल.

दुसरं, पिंपल्स चालू असताना डागांवर औषध लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. नवे पिंपल येत असतील तर आधी ते थांबवा. तेल लावून झोपता का? कपाळावर आणि कानशिलाजवळ बारीक पुटकुळ्या त्याच्या असतात. पाळी अनियमित, हनुवटीवर जाड केस असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. नखं कापा, अगदी मुळापर्यंत. हे विनोदाने लिहीत नाही, पिंपल फोडणारा हात शाळेच्या वह्या तपासताना आपोआप गालाकडे जातो.

लावायचं काय, तर माझी पहिली पसंती अझेलाइक ॲसिड. ते पिंपल आणि डाग दोन्हींवर चालतं, गरोदरपणातही सहसा सुरक्षित धरलं जातं, म्हणून लग्न ठरलेल्या मुलींना मी तेच देते. 10 टक्क्यांपासून सुरुवात, एका दिवसाआड रात्री, पुढे सोसलं तर डॉक्टरांना विचारून 15 किंवा 20. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं किंचित मुंग्या येतील, तेवढं चालतं. लाली तासभर टिकली किंवा साल निघायला लागलं तर दोन दिवस थांबा. सकाळी 4-5 टक्के नायसिनामाइड, म्हणजे जीवनसत्त्व ब 3. ते रंगाच्या पुड्या शेजारच्या पेशींना पोहोचू देत नाही. 10-12 टक्क्यांच्या बाटलीमागे लागू नका, ती अनेकींना टोचते. दोन्हींवर साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. बस्स. आठ बाटल्यांची रांग मांडणाऱ्यांचे चेहरे सगळ्यात जास्त चिडलेले असतात. ॲडापेलीन, हायड्रोक्विनोन ही औषधं चांगली आहेत पण डॉक्टरांच्या हातची, आणि गरोदरपणात टाळायची.

नवीन काहीही, कोरफडीपासून क्रीमपर्यंत, आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी सात दिवस रोज दोनदा लावून बघा. एकदाच लावून "काही झालं नाही" म्हणू नका. ॲलर्जीला उठायला वेळ लागतो.

आणि घाई करू नका, हे मी माझ्या चुकीवरून सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत, ऐन एप्रिलमध्ये, एका बाईंना ग्लायकॉलिक ॲसिडचं पील केलं, म्हणजे ॲसिड लावून कातडीचा वरचा थर सोलवला. लग्नाची घाई त्यांच्याही घरी होती. वेळ संपली तरी त्या म्हणाल्या, "काहीच होईना, ठेवा अजून जरा." मी ठेवलं. त्या बसच्या खिडकीशेजारी बसून दुपारच्या उन्हात गावी गेल्या. खिडकीकडच्या गालावर पट्टा उठला, तो जायला आठ महिने लागले, आणि लग्नाच्या फोटोत तो आहे. त्यानंतर आपल्या रंगाच्या कातडीवर उन्हाळ्यात पील मी करत नाही. पार्लरमध्ये "इन्स्टंट ब्राइटनिंग" किंवा लेझरचं पॅकेज घ्यायला कुणी सांगितलं तर आधी विचारा, आपल्या रंगावर किती जणींना केलंय, आणि करणारं माणूस डॉक्टर आहे का.

पहिल्या दहा दिवसांत गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल दोन शब्द, कारण तुमचा लिंबाचा प्रयोग फसला हे कळलं की कुणीतरी मावशी तशी डबी आणून देईलच. अशा डब्यांत बरेचदा स्टेरॉइड असतं. मेडिकलच्या ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असं काही वाचलंत तर समजा. आठवडाभर चेहरा चकचकतो, मग पातळ कातडी, लाल रेषा, केस, पिंपल्सचा पूर, आणि बंद केलं की भडका. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवरून ती मिळतात. तुम्ही आधीच वापरत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीत कमी करा. परदेशातून आलेल्या, लेबल नसलेल्या डब्यांत पारा असू शकतो. 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये अशी क्रीम लावणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडल्याचं उघड झालं. चेहऱ्यावरचं मलम लघवीवाटे प्रथिनं घालवेल असं कुणाला वाटतं?

तुमच्या पत्रात नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी: प्रत्येक काळेपणा डाग नसतो. मानेवर मखमलीसारखा जाड काळा थर असेल तर तो मळ नाही, घासू नका, रक्तातली साखर तपासा. बोटांच्या पेरांवर अचानक काळेपणा आला तर रक्तातलं जीवनसत्त्व बी 12 बघा. एखादी गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी, ओठावर किंवा हातावर, गोल काळा चट्टा उठत असेल तर दोष गोळीचा. तिचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवा. पाठीवर आणि दंडावर लाटांसारखा काळेपणा दिसत असेल तर न्हाणीघरातली नायलॉनची घासणी फेकून द्या. वज्री टाचांसाठी आहे, दंडासाठी नाही. शेतात जाणाऱ्या काकांच्या पापण्या, मानेच्या घड्या, कोपराचे आतले भाग जाड-काळे होऊन खाजत असतील तर बहुतेक वेळा काँग्रेस गवत.

तुमच्या चार महिन्यांचा हिशेब असा. पहिले दोन आठवडे फक्त साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, हवी तर कोरफड. सोड्या-लिंबाने सोललेली कातडी आधी बरी होऊ द्या. मग अझेलाइक. वरचा थर बदलायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून आठव्या आठवड्याआधी आरशाला काही विचारू नका. बारा आठवड्यांत डाग बरेच फिकट दिसावेत. सगळे जातील असं मी म्हणणार नाही. जे थोडे राहतील त्यावर लग्नाच्या दिवशी मेकअप बसेल, आणि सोलपटलेल्या कातडीवर तो कधीच बसत नाही. तुमचा मूळ सावळा रंग बदलायचा नाहीये, बदलूही नये. डाग आणि आजूबाजूचा रंग एक व्हावा, एवढंच काम आहे. दर महिन्याला एक फोटो काढा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, फ्लॅश आणि ब्यूटी मोड बंद. रोज आरशात बघून काही कळत नाही.

आणि हळदीचा कार्यक्रम. ज्या दुकानातली हळद लावणार ती तीन आठवडे आधी आणा, तेलात कालवून कोपराशी सात दिवस लावून बघा. सोसली तर खुशाल लावा. फक्त पाट अंगणातल्या उन्हात मांडू नका, आणि पाहुण्या बायकांना सांगून ठेवा की गालावर हळद टेकवायची, रगडायची नाही. आमच्याकडे मामी-मावश्या उटण्यासारखी रगडतात, आणि चौथ्या दिवशी नवरी माझ्याकडे येते.